आठ टनांचा पेशंट

माझी आत्या दात करते. डॉक्टर नाही ती. डॉक्टर लोक माणसाच्या तोंडाची मापं घेतात आणि ती मापं तिच्याकडे पाठवतात. त्यावरून कवळ्या, टोप्या, मधले खोटे दात करून परत पाठवायचे, हे तिचं काम. एकतीस वर्षं ती एकाच लॅबमध्ये आहे. चपलांच्या दुकानावरचा पहिला मजला, लांबट खोली, खिडकीला लागून सहा टेबलं, प्रत्येकावर गॅसची बोटभर ज्योत, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर नंबर घातलेले प्लास्टरचे जबडे. तिथे तिला सगळे कवळीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तीही ओ देते.

लग्नाचं विचारलं तर 'राहून गेलं' एवढंच म्हणते, दुकानातून साबण आणायचा राहून जावा तसं. माझी आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आत्या चार दिवसांसाठी म्हणून एक बॅग घेऊन आली ती राहिलीच. पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मी सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी गेले. घरात राहिले बाबा आणि आत्या. बाबा तिचे थोरले भाऊ, सात वर्षांनी मोठे. ती त्यांना दादा म्हणते, ते तिला बारके म्हणतात. ती आता अठ्ठावन्न वर्षांची आहे, तरी बारकेच.

बाबा पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. शहराच्या पोटातले नळ, वळणं, झडपा हे सगळं त्यांनी कागदावर काढलेलं. साखरेचा डबा टेबलाच्या कडेला समांतर नसेल तर जेवता जेवता त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटी इंजिनं बनवायला घेतली. मोठ्या गाड्यांची नव्हेत. खाणीतून दगड ओढणाऱ्या अरुंद रुळांवरच्या गाड्यांची. लहानपणी त्यांचे वडील अशाच एका खाणीवर कारकून होते आणि घरामागून ते इंजिन दिवसातून आठ वेळा जायचं. बाबांना त्यातली प्रत्येक खीळ आठवायची. आत्याला एवढंच आठवायचं की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागत.

पहिली दोन इंजिनं त्यांनी सोप्या सामानातून केली. तिसऱ्या वेळी त्यांनी खरं अवघड प्रकरण मागवलं. चपटा खोका आला. आत इंजिनासारखं काहीच नव्हतं. पितळेचे चार पातळ पत्रे, त्यांवर आम्लाने कोरलेले दीडशे-दोनशे भाग, कडेच्या चौकटीला केसाएवढ्या दांड्यांनी चिकटलेले. एकेक भाग कापून काढायचा, कानशीने कड साफ करायची, कोरलेल्या खाचेवर दुमडायचा आणि वितळलेल्या धातूचा डाख लावून जोडायचा. सोबत पिशवीत धुराडं, घुमट असे थोडे ओतीव भाग, चार चाकं आणि नखाएवढी मोटर. सगळं जमलं तर पाठीवर खोगीरासारखी पाण्याची टाकी घेतलेलं, वीतभरही नाही असं चार चाकी वाफेचं इंजिन तयार व्हायचं. खऱ्या इंजिनाचं वजन आठ टन, असं माहितीच्या कागदावर लिहिलं होतं.

बाबांनी खालचा सांगाडा जोडला. म्हणजे दोन लांब पट्ट्या, त्यांच्यामध्ये तीन आडव्या पट्ट्या, ज्यात पुढे चाकं बसतात. आणि मग एका गुरुवारी सकाळी ते न्हाणीघराच्या उंबऱ्यात कोसळले.

जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा झाले. बोलणं परत आलं, पण शब्द जागा सोडून आले. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना लख्ख कळायचं. तोंडातून भलताच शब्द निघायचा आणि तो निघालेला ऐकून ते स्वतःच दचकायचे.

पुढची दोन वर्षं आत्याचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. त्यांना उठवणं, आंघोळ, दाढी, व्यायाम, नाश्ता, मग लॅब. दुपारी शेजारच्या काकू येऊन जेवायला वाढायच्या. साडेसहाला आत्या परत, भुवयांमध्ये प्लास्टरची पूड तशीच. मग पुन्हा व्यायाम, जेवण, औषधं. मी दर रविवारी फोन करायचे. "कशी आहेस?" "आहे." "काही लागलं तर सांग हं." "हो." दोन-तीन महिन्यांनी एकदा जायचे, दोन दिवस राहायचे, जाताना तिला मिठी मारायचे. ती मिठीत लाकडासारखी उभी राहायची. मला वाटायचं, तिला मिठ्या आवडत नाहीत.

व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "यांच्या बोटांना काहीतरी काम द्या. बोटं आळशी झालीत." मग बटणं निवडणं, मातीचे गोळे करणं असले प्रकार झाले. बाबांनी बटणांकडे असं पाहिलं की त्या बाईंनीच ती परत डब्यात भरली. त्या दिवशी आत्याने स्टुलावर चढून कपाटावरचा चपटा खोका काढला.

पहिला रविवार वाईट गेला. बाबांनी डाव्या हाताने एक भाग कापायचा प्रयत्न केला. पत्रा सरकला, पातं मोडलं, दुसरं मोडलं. तिसऱ्याला त्यांनी पत्रा भिरकावला. तो खुर्चीवर आपटून एका कोपऱ्यात वाकला. आत्या भाजी चिरत होती. ती सुरी ठेवून आली, पत्रा उचलला, काचेवर ठेवून अंगठ्याने हळूहळू सपाट केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी करते. तू सांग."

खरं तर तिला मुळीच करायचं नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस ती भिंगातून बघत बारीक धातू घासत होती. रविवारी तिला डोळे मिटून पडायचं असायचं. पण बाबा त्या पत्र्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर घेऊन तिला पडता आलं नसतं, असं ती म्हणाली.

मग हे रोजचं झालं. संध्याकाळी जेवणाआधी पाऊण तास, रविवारी दुपारी दोन तास. खिडकीजवळचं टेबल, त्यावर काच, दिवा, आणि बाबांची खुर्ची तिच्या डाव्या हाताला. बाबा बघायचे आणि सांगायचे.

"चमचा," बाबा म्हणायचे. ती चिमटा द्यायची.

"हा नाही. जाड चमचा." ती पक्कड द्यायची.

बॉयलर म्हणजे पातेलं. चाक म्हणजे बशी. डाखाला ते एकदा दही म्हणाले आणि मग दहीच कायम झालं. "दही कमी," "दही सुटलं," असं चालायचं. शेजारच्या काकू एकदा दारात ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय बेत आहे हो आज?"

भांडणंही व्हायची. बाबांना प्रत्येक गोष्ट पुस्तकात दिली आहे त्या क्रमाने हवी. आत्याच्या हाताला स्वतःची रीत. एकदा डाख नीट धरावा म्हणून सांध्याला लावायच्या द्रवावरून जुंपली. बाबांचं म्हणणं, भरपूर लाव. ती म्हणाली, थेंब पुरतो.

"भ... भरपूर!"

"दादा, मी एकतीस वर्षं धातू जोडतेय. माणसं त्यावर चावतात. एक निघालेला नाही."

तिने थेंब लावला. सांधा असा आला की रेघसुद्धा दिसेना. बाबांनी भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं, आणि भिंग खाली ठेवून "पुढे" म्हणाले. इतकी कौतुकाची पावती त्यांनी मलाही कधी दिली नव्हती.

टाकीवरच्या रिव्हेटांनी दोघांचा अंत पाहिला. पत्र्याच्या मागच्या बाजूला दोनशे बारा खळगे कोरलेले असतात. प्रत्येकात टोकदार सुई ठेवून नेमका तेवढाच दाब द्यायचा, की पुढे खसखशीएवढा उंचवटा येतो. जास्त दाबलं तर भोक, कमी दाबलं तर काहीच नाही. ती रोज तीस-चाळीस करायची. एका बुधवारी लॅबमध्ये दोन माणसं आली नव्हती, त्यांचंही काम तिच्यावर पडलं होतं. घरी येऊन तिने अठरा रिव्हेट केले आणि एकोणिसाव्याला सुई हातात असतानाच तिचं डोकं टेबलावर टेकलं. जाग आली तेव्हा पाऊण तास गेला होता. बाबा तसेच बसले होते. दिव्याचं तोंड त्यांनी डाव्या हाताने भिंतीकडे वळवलं होतं आणि तिच्या हातातली सुई काढून आपल्या मुठीत धरली होती.

"उठवायचं नाही का?" ती चिडून म्हणाली. "जेवण राहिलंय सगळं."

बाबांनी सुई तिच्यापुढे ठेवली.

धुराड्याचं मात्र तिच्याकडूनच चुकलं. ओतीव भागांचा धातू मऊ असतो, कमी उष्णतेला वितळतो. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. असले धातू ती रोज हाताळते. पण त्या दिवशी दमून आलेली, पितळ जोडायला तापवलेली डाखाची कांडी तशीच उचलली आणि धुराड्याच्या बुडाला लावली. धुराडं एका बाजूला मान टाकून हळूच बसलं आणि त्याचा थेंब होऊन टाकीवरून ओघळला.

दोघंही बघत राहिले.

"मेणबत्ती," बाबा म्हणाले.

नेमका शब्द. दोन वर्षांत पहिल्यांदा एखाद्या वस्तूसाठी नेमका शब्द. आणि बाबा हसायला लागले. उजवा गाल हलत नव्हता, अर्ध्या तोंडाने हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत्या आधी रागावली, मग तीही हसली. मग तिने टाकीवरचा थेंब काढायला घेतला आणि त्यात तास गेला.

दुसरं धुराडं मागवायचं तर खोका बनवणारा माणूस ते सामान बनवणं बंद करून बसला होता. आत्याने बाबांना विचारलं, "माप आहे का?" बाबांनी माहितीच्या कागदावरच्या आकृतीवर बोट ठेवलं. छोट्या इंजिनाच्याच मापाची आकृती. तिने कंपासने मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये मेणाचा तुकडा घेऊन बसली. दाताची टोपी करतात तसंच हे. मेणात हुबेहूब आकार कोरायचा, तो उष्णता सोसणाऱ्या प्लास्टरमध्ये पुरायचा, भट्टीत ठेवायचा. मेण जळून जातं, आत तेवढीच पोकळी उरते, आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. चार दिवसांच्या चार सुट्ट्या गेल्या. धुराड्याच्या माथ्यावरची किनार तीनदा कोरावी लागली.

पाचव्या दिवशी लॅबचे मालक तिच्या टेबलाशी थांबले. प्लास्टर फोडून ती तो भाग बाहेर काढत होती.

"कवळीबाई, हा कुठला दात?"

"दाढ आहे."

"एवढी? कोणाची?"

"आठ टनांच्या पेशंटची," ती म्हणाली.

मालकांनी भिंग लावून पाहिलं. मग बाकीच्या पाच टेबलांवरचे लोक उठून आले. मालकांनी ते स्वतः पॉलिश करून दिलं, आणि पुढे कित्येक दिवस लॅबमध्ये सगळे तिला पेशंटची तब्येत विचारायचे. तिला हे सांगताना थोडं बरं वाटत होतं, हे मला फोनवरही कळलं. त्या रविवारी ती 'आहे' न म्हणता तीन मिनिटं बोलली होती.

वरचं सगळं अंग तयार झालं. टाकी, बॉयलर, चालकाची उघडी खोली, आत दोन चिमुकल्या कळा. सांगाडा तर बाबांनी आधीच केलेला, त्याला या दोघांनी पुन्हा हात लावला नव्हता. आता त्यात धुऱ्या घालून चाकं बसवायची आणि वरचं अंग खाली स्क्रूने जोडायचं एवढंच उरलं होतं. एका रविवारी दुपारी आत्याने चाकं बसवली आणि सांगाडा काचेवर ठेवला.

तो डुगडुगला.

तिने बोटाने एक कोपरा दाबला, दुसरा उचलला गेला. तीन चाकं काचेला टेकत होती. चौथ्याखालून पोस्टकार्ड सहज गेलं. तिने सांगाडा उचलून दिव्याखाली धरला. पुढची पट्टी आणि मधली पट्टी अशा बसल्या होत्या की बाबांचीच कारागिरी ती. मागची पट्टी तिरपी होती. तिच्या सांध्यावर डाख गोळ्यागोळ्यांनी साचला होता, एका ठिकाणी पितळ करपलं होतं. नवशिक्याने केल्यासारखं. बाबांनी साखरेचा डबा तिरपा सहन केला नसता.

बाबा कधी काय जोडत बसायचे ते आठवून तिने तारखांचा हिशेब मनातल्या मनात लावला. पुढच्या दोन पट्ट्या आठवडाभर आधीच्या. मागची ते पडण्याआधीच्या तीन दिवसांतली.

हे पुढचं तिने मला नंतर सांगितलं, भांडी पुसताना, माझ्याकडे पाठ करून.

बाबा पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी, बुधवारी, ती लॅबमधून आली तेव्हा बाबा याच टेबलाशी बसले होते. म्हणाले, "बारके, बोटांना मुंग्या येतायत गं." ती चपला काढत होती. त्या दिवशी तिने अकरा तास काम केलं होतं. ती म्हणाली, "कामावरून आले की माझ्याही येतात." आणि आत जाऊन तोंड धुतलं. एवढंच. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही लक्षणं होती का, आणि आत्याने नाही म्हणून सांगितलं होतं. त्यावर दोन वर्षं ती झोपली आणि उठली.

आता ते लक्षण तिच्या हातात होतं, पितळेचं.

"नीट आहे?" बाबांनी विचारलं.

"नीट आहे," ती म्हणाली आणि सांगाडा फडक्यात गुंडाळला. "आज पुरे. मला दमायला झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या बाई बाबांना घेऊन गॅलरीत चालवत होत्या तेव्हा तिने घाईघाईने कांडी तापवली. मागची पट्टी सोडवून सरळ करून पुन्हा लावून टाकायची, त्यांना कळूही द्यायचं नाही, असा तिचा विचार. पण कांडी सांध्याला लावायला तिला जमेना. पहिल्यांदाच. कांडी सांध्याला लावायला तिला जमेना. बाबा काठी टेकत आत आले तेव्हा ती तशीच बसलेली, सांगाडा समोर उघडा.

त्या बाई गेल्यावर बाबा खुर्चीत बसले. सांगाडा डाव्या हाताने काचेवर ठेवला आणि बोटाने डुगडुगवला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"उशी," ते म्हणाले.

तिने उशी आणून पाठीशी दिली. त्यांनी ती काढून टाकली. "उशी. उशी!" तिने दुसरी आणली. बाबांनी टेबलावर मूठ आपटली, मग खोक्याकडे बोट केलं. खोक्याच्या तळाशी स्पंज होता, आणि स्पंजखाली एक पातळ वही. बाबा प्रत्येक बैठकीनंतर काय केलं ते लिहून ठेवायचे, तारीख घालून, ड्राफ्ट्समनच्या उभ्या अक्षरात. त्या वहीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आत्याने ती कधी उघडली नव्हती.

शेवटचं लिहिलेलं पान बाबांनीच काढलं. अक्षरं घसरत गेली होती. तिने वाचलं.

'सोमवार. मागची पट्टी. बोटं जड. परत करायची.'

'मंगळवार. पुन्हा केली. डाख दोनदा हातातून पडला. कपही पडला. बारकीला सांगायचं नाही, कामावर जाणार नाही ती.'

'बुधवार. जमत नाही. डॉक्टरांकडे जायला हवं. बारकी फार दमून आली आहे. शनिवारी बघू.'

आत्याने वही दोनदा वाचली.

"सोमवारपासून?" ती म्हणाली. "तीन दिवस तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बुधवारी मला नुसतं मुंग्या म्हणालास?"

"हो."

"आणि मी काय म्हटलं, आठवतं?"

बाबांनी मान डोलावली. शब्द शोधत होते. त्यांचे ओठ दोन-तीनदा हलले आणि आत्या थांबून राहिली. एरवी ती त्यांना शब्द पुरवायची, त्या वेळी नाही पुरवला.

"माझ्याही," बाबा म्हणाले. "येतात."

तिने तोंड फिरवलं.

बाबांनी डाव्या हाताने तिचा मनगटाशी हात धरला आणि दिव्याखाली ओढला. अंगठ्याला घट्टे, तर्जनीच्या टोकाला गॅसने भाजल्याचे जुने पांढरे डाग, सांधे सुजलेले. बाबांनी ते सावकाश पाहिलं, भिंगातून बघायचे तसं.

"येतात ना?" त्यांनी विचारलं.

"येतात," ती म्हणाली.

"मग. खरंच... बोललीस."

आत्या रडली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला आणि मग तिच्या लक्षात आलं की तो लावलाच नव्हता. त्या दिवशी ती लॅबमध्ये गेली नाही. मालकांना फोन करून सांगितलं की येत नाही. मालकांनी कारण विचारलं तर म्हणाली, कारण नाही.

दुपारी दोघांनी मिळून मागची पट्टी काढली. बाबांनी सांगाडा डाव्या हाताने काचेवर दाबून धरला, तिने डाख वितळवला, पट्टी सुटली. तिने जुना डाख खरवडून साफ केला, पट्टी गुण्याने काटकोनात लावली, पुन्हा जोडली. चाकं बसवली. चारही टेकली. पोस्टकार्ड कुठूनच गेलं नाही.

पण काम तिथे संपलं नाही. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारे दांडे अडकत होते. एक भोक केसाने मोठं करावं लागलं, मग दुसरं. मोटर उलटी फिरली. एक स्क्रू फरशीवर पडला तो चार दिवसांनी केरात सापडला. आणखी पाच आठवडे गेले. उत्साह असा दोघांनाही उरला नव्हता. ते काम आता भाजी निवडावी तसं चाललं होतं, न बोलता.

ते चाललं त्या दिवशी मी तिथेच होते. शिवणाच्या मशीनवर हातभर रूळ अंथरले होते. आत्याने वीज जोडली. इंजिन आधी गुरगुरलं, मग झटका देऊन दोन बोटं पुढे गेलं, थांबलं. तिने रूळ पुसले. पुन्हा वीज दिली. या वेळी ते गेलं. हळू, दांडे खालीवर करत, रुळांच्या टोकापर्यंत. मागे आलं. पुन्हा गेलं. पिवळं धमक पितळ, सांध्यांपाशी राखाडी रेघा, माथ्यावर ते पांढरट चकाकणारं धुराडं. मी टाळ्या वाजवल्या आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण त्या दोघांपैकी कोणी वाजवल्या नव्हत्या.

"आवाज जास्त," बाबा म्हणाले.

"दातेरी चाकं घासतील तसा कमी होईल," आत्या म्हणाली. मग इंजिन उलटसुलट करून बघत म्हणाली, "आता रंग. खाली काळा, वर हिरवा. आधी सगळं धुवून घ्यायला हवं, मग अस्तर, मग दोन हात..."

"नको," बाबा म्हणाले.

"का? अर्धवट कसं ठेवायचं?"

"पुरे, बारके. दमलीस तू."

एकही शब्द चुकला नव्हता. आत्या इंजिन हातात घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत आले, पण तो तसा सैल पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने इंजिन रुळावर ठेवलं, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तू दर रविवारी विचारतेस ना, काही लागलं तर सांग म्हणून?"

"हो."

"लागतंय. एक महिनाभर दादाला तुझ्याकडे ने."

माझ्या तोंडावर आलं ते सगळं मी लिहीत नाही. घर लहान आहे, दोघांची नोकरी, लिफ्ट बंद असते. त्यातलं थोडं मी बोललेही. आत्या ऐकत होती. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "त्याला सकाळी साडेपाचला उठायची सवय आहे. दाढी गरम पाण्याने. शब्द चुकला तर लगेच दुरुस्त करायचा नाही, थांबायचं." आणि त्यांचे कपडे बॅगेत भरायला आत गेली.

बाबांना विचारलं, इंजिन बरोबर घ्यायचं का. त्यांनी मान हलवली, नको. माझ्या घरी त्यांनी तो महिना खिडकीत बसून काढला. मी साडेपाचला उठत होते. तिसऱ्याच दिवशी माझी पाठ धरली. दुपारी ऑफिसात कागदावरच्या ओळी एकमेकींत जायला लागल्या. अकराव्या दिवशी बाबांना आंघोळ घालताना मी त्यांच्यावर ओरडले आणि मग मोरीत बसून रडले. बाबा डोक्यावरून पाणी निथळत तसेच स्टुलावर बसून राहिले आणि माझ्या खांद्यावर डावा हात ठेवून म्हणाले, "चहा... चहा नाही. सावकाश."

त्या सबंध महिन्यात आत्याने स्वतःहून एकदाही फोन केला नाही. मला वाटलं होतं, ती कुठे जाईल, मैत्रिणीकडे, निदान बाजारात. पहिल्या रविवारी भर दुपारी मी फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. आवाज घोगरा, लांबून आल्यासारखा.

"काय करतेस?" मी विचारलं.

"झोपले होते."

"बरी आहेस ना? जेवलीस?"

"उठले की जेवेन," ती म्हणाली. "ठेव आता." आणि फोन ठेवला.